आष्टीमार्गे सावरगाव मुक्कामी

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. एसटीत चौतीस वर्षं काढली, त्यातली सव्वीस वाहतूक नियंत्रक म्हणून. म्हणजे खिडकीत बसून गाड्या सोडायच्या, आलेल्यांची वेळ लिहायची आणि भोंग्यावर ओरडायचं. निवृत्तीनंतर एकही गाडी सोडली नव्हती. दिवाळीपासून मात्र रोज चाळीसेक सोडतो. आमची सुरुची पुण्याहून आली तेव्हा तिने संगणकावर एक खेळ घालून दिला. रस्ते आखायचे, थांबे ठेवायचे, गाड्या घ्यायच्या, वेळापत्रक लावायचं. बाबांचा वेळ जाईल, असं ती आईला हळूच म्हणाली. मला ऐकू आलं.

खेळ चांगला आहे, पण त्यातल्या सगळ्या गाड्या परमुलखातल्या. लंडनची दुमजली आहे, हंगेरीची मधे घडी पडणारी आहे, अमेरिकेतली शाळेची पिवळी आहे. आपली एसटी नाही. खेळ बनवणाऱ्यांनी नव्या गाड्यांच्या सूचना मागवल्या आहेत, जुन्या आणि नव्या दोन्ही. मुदत ३१ मार्च. मी सूचना करायचं ठरवलं आहे. शरयूला, म्हणजे सुरुचीच्या आईला, सांगितलं. ती म्हणाली, करा की.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पहिला मसुदा पाठवला. चार गाड्या सुचवल्या: माझ्या लहानपणची पुढे नाक असलेली, मग लाल-पिवळी, मग हिरवी-पांढरी एशियाड, आणि हल्लीची विजेवर चालणारी वातानुकूलित. इंग्रजी सुरुचीने फोनवरून नीट करून दिलं.

संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. सूचना तपासणारा माणूस चेक देशातला आहे, नाव ओंद्रेय. सभ्य आहे, पण नियमांचा पक्का. जुन्या विभागीय कार्यालयात शोभला असता. तो म्हणतो, चारांपैकी तीन गाड्यांसारख्या गाड्या खेळात आहेतच, रंग बदलला की झालं. लाल-पिवळीत मात्र त्याला रस आहे, कारण मी तिच्यापुढे 'मुक्कामी' असं लिहिलं होतं. संध्याकाळी खेड्यात जाऊन तिथेच थांबणारी आणि सकाळी माणसं घेऊन तालुक्याला परतणारी गाडी त्याने ऐकलेली नाही. त्याने विचारलं, त्या खेड्यात आगार आहे का. मी कळवलं, आगार नाही, मारुतीचं देऊळ आहे. चालक-वाहक देवळात झोपतात आणि गावातलं एकेक घर पाळीने त्यांना जेवू घालतं.

ही एक गाडी घेऊ म्हणाला. अटी अशा: खरा मार्ग, खरं वेळापत्रक, ती गाडी चालवलेल्या माणसाकडून तपशील, आणि त्याच गाडीचा एक जुना फोटो. फोटोत गाडी पूर्ण दिसावी, माणसं दिसू नयेत. ओळखता येणारं माणूस दिसलं तर सूचना बाद.

१६ फेब्रुवारी, रविवार

मार्ग ठरला. आष्टीमार्गे सावरगाव मुक्कामी. सकाळी साडेसहाला सावरगाव सोडायचं, आठ दहाला तालुक्याच्या स्थानकात. वेळापत्रक मला तोंडपाठ आहे, कारण ते मीच लावलं होतं.

अडचण चालकाची आहे. ओंद्रेयने विचारलंय, चढावर कोणत्या गिअरला जायची, भरल्यावर किती पळायची, वळणावर कशी वागायची. चौतीस वर्षांत मी चालकाच्या जागेवर एकदाही बसलो नाही. ती गाडी नऊ वर्षं पुंजारामने चालवली. तो आता आष्टीत राहतो. आम्ही अठ्ठावीस वर्षं बोललेलो नाही.

कारण लिहून ठेवतो. १९९७ च्या जूनपर्यंत ती गाडी रोज अकरा मिनिटं उशिरा येई. मी चौकशी केली. सावरगावच्याच एका वस्तीच्या फाट्यावर पुंजाराम गाडी उभी करत असे. वस्ती आत दोन किलोमीटर. तिथली पाच पोरं तालुक्याला खोली करून शिकत होती. त्यांच्या आया सकाळी डबे घेऊन फाट्यावर येत, आणि सगळे डबे गाडीत चढेपर्यंत गाडी हलत नसे. डब्याला तिकीट नाही. गाडीतले साठ लोक मात्र तिकीट काढून बसलेले. मी अहवाल दिला. वर काय झालं ते माझ्या हातात नव्हतं. त्याची बदली तीनशे किलोमीटरवर झाली. चार वर्षांनी परत आला, तो दुसऱ्या आगारात. घरी शेत आणि दोन लेकरं त्याच्या बायकोने, सगुणाबाईने, एकटीने सांभाळली, असं ऐकलं.

अहवाल बरोबर होता. आजही कोणी तपासून बघावा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मीना आली होती. घनसावंगीकडे शाळेत शिक्षिका आहे. दरवर्षी नवी तूर निघाली की पायलीभर डाळ घेऊन येते. शरयूची क्वार्टरमधली जुनी ओळख. आली की सरळ स्वयंपाकघरात जाते, मांडणीवरून आपलं ताट आपण घेते आणि जेवून मगच बोलायला लागते. इतकं मोकळं वागणं मला जमत नाही, पण शरयूला आवडतं.

मी तिला खेळाचं सांगितलं. सावरगावच्या गाडीचं नाव काढताच ती थांबली. गाडी स्थानकात किती वाजता यायची असं लिहिलंत, असं विचारलं. आठ दहा, म्हणालो. ती म्हणाली, आठ दहाला नंतर यायला लागली, आधी आठ एकवीसला यायची. मला कौतुक वाटलं. प्रवाशाला इतकी वेळ लक्षात राहिलेली मी पाहिली नाही. आणखी विचारणार होतो, पण शरयूने तिला परसातून कढीपत्ता आणायला पाठवलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आष्टीला जाऊन आलो. जाताना उभ्याने, येताना बसून.

सगुणाबाईने ओळखलं. पाणी दिलं, चहा दिला, पण 'बसा' म्हणाली नाही. मी आपला आपणच बसलो. पुंजाराम अडुसष्टचा झाला. डाव्या गुडघ्याने अधू आहे, क्लच दाबून दाबून झाला म्हणतो. अठ्ठावीस वर्षांनी काय बोलावं ते मला सुचेना, म्हणून यादी काढली आणि प्रश्न विचारायला लागलो. त्याने सगळ्यांची उत्तरं दिली. भरली गाडी आष्टीच्या पुढच्या चढाला दुसऱ्यात घ्यावी लागे. बाजारच्या दिवशी चव्वेचाळीस जागांत एकशेदोन माणसं मोजलेली, कोंबड्या सोडून. पावसाळ्यात नाल्यापाशी वाहक खाली उतरून पुढे चाले आणि गाडी त्याच्या मागे. बोलताना त्याचे हात आपोआप गिअर टाकत होते. मला मनापासून मजा आली.

मग फोटोचं विचारलं. फोटो आहे म्हणाला. पण एक अट घातली.

"गाडी फाट्यावर थांबायची, डब्यासाठी थांबायची, हे लिवा. जशी चालत व्हती तशी लिवा, सायेब. तसं लिवनार असाल तं फोटो बी घ्या आन् माझं नाव बी घ्या. न्हाई तं गाडी तुमची न्हाई, आन् माझी बी न्हाई."

मी म्हणालो, वेळापत्रकात तो थांबा नव्हता. तो म्हणाला, व्हय, वेळापत्रकात नव्हता.  सगुणाबाई कप उचलून घेऊन गेली.

परतीच्या गाडीत मला राग आला होता. ज्या गोष्टीबद्दल मी अहवाल दिला, तीच मी आता जगाला गाडीचा गुण म्हणून सांगायची.

२ मार्च, रविवार

खेळातच पडताळून बघितलं. सावरगावसारखं गाव, आष्टीसारखं बाजाराचं गाव, तालुका, असा मार्ग आखला. एका गाडीला वाटेत अकरा मिनिटांचा थांबा दिला. तासाभरात मागची गाडी तिला येऊन भिडली, तालुक्याहून पुढे जाणारी जोडगाडी प्रवाशांना चुकली, आणि प्रवाशांच्या समाधानाचा आकडा ब्याऐंशीवरून एकाहत्तरवर आला. शरयूला बोलावून दाखवलं. तिने चष्मा लावून नीट बघितलं आणि विचारलं, यातली माणसं जेवतात कधी?

जेवत नाहीत. खेळात ती सोय नाही, असं मी सांगितलं. ती भाजी निवडायला निघून गेली.

५ मार्च, बुधवार

तरी ओंद्रेयला विचारून बघितलं. तिकीट नसलेल्या एखाद्या वस्तूसाठी गाडी वाटेत थांबू शकेल का, म्हणजे चालकाच्या मर्जीने. त्याचं उत्तर आलं. सुरुचीने मराठी करून वाचून दाखवलं: "विनाकारण थांबणारी गाडी पूर्ण वेळापत्रक बिघडवते. आम्ही याला चालकाची चूक समजतो." थांब्याचा उल्लेख माहितीच्या रकान्यात करायला मात्र त्याची हरकत नाही. खेळात त्याचा परिणाम दिसणार नाही, इतकंच.

नंतर ट्रंक उघडून माझ्या अहवालाची कार्बन प्रत काढली. तिसरी ओळ: सदर चालक विनाकारण वाहन उभे करून संपूर्ण वेळापत्रक बिघडवीत आहे. ओंद्रेयचं आणि माझं अक्षरशः एकमत झालं. खरं तर आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्या चेक माणसाने फाटा बघितलेला नाही. मी बघितला होता. चौकशीला गेलो त्या सकाळी पाच बायका पळत येताना मी स्वतः पाहिल्या आणि घड्याळ लावून वेळ लिहून घेतली.  

८ मार्च, शनिवार

पुंजारामला फोन केला. म्हटलं, खेळवाले थांबा मानत नाहीत, पण माहितीच्या रकान्यात लिहिता येईल. तो बरं म्हणाला.

मग मी एक मुद्दा मांडला, कारण तो माझ्या बाजूचा आहे आणि राहून जायला नको. गाडी वेळेवर यायला लागल्यावर डब्याबद्दल एकही तक्रार आली नाही. तक्रारवही माझ्याच टेबलावर असे. ती पोरं उपाशी राहिली असती तर एक तरी ओळ आली असती. पाचही पोरं बारावी झाली, हेही मला माहीत आहे. म्हणजे त्यांची काही तरी सोय झालीच.

तो हसला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्याचं हसणं ऐकलं.

"झाली ना सोय. कशी झाली ते तुमच्या घरी इच्यारा," म्हणाला, आणि फोन ठेवला.

घरी काय विचारायचं? शरयूला एसटीतलं काही कळत नाही. ती कधी स्थानकातसुद्धा येत नसे. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं, कुठून कुठे जाईल सांगता येत नाही.

१७ मार्च, सोमवार

फोटो दुसरीकडे मिळतो का, याची खटपट केली. आगारातल्या दोघांना फोन केले. एक म्हणाला जुनं सगळं रद्दीत गेलं. दुसरा वारला, हे त्याच्या सुनेकडून कळलं.

त्या काळातल्या माझ्या दैनंदिन्या मात्र सगळ्या आहेत. १९९७ ची आणि ९८ ची चाळली. गाडीचे तपशील फारसे नाहीत. बाकीचं बरंच आहे. ९७ च्या जुलैत एका दुपारी चष्मा विसरला म्हणून मी एक वाजता घरी गेलो, तर स्वयंपाकघरात पाच पोरं पाटावर बसलेली, तीन मुली आणि दोन मुलगे. शरयू म्हणाली, गणिताची शिकवणी घेते. शिकवणी ताटं मांडून चालली होती, तेव्हा मी लिहिलंय: 'शिकवायच्या आधी खाऊ घालते, हे ठीक नाही, सुस्ती येते.' आणखी एक नोंद आहे, की आमचं दळण पंधरा दिवसांऐवजी आठ दिवसांनी संपू लागलं आणि सायकलवर पिशवी नेऊन माझी पाठ धरली. गिरणीवाला पीठ मारतो असा मला तेव्हा संशय होता. गिरणी बदललीही.

असो. गाडीच्या कामाचं यात काही नाही.

२२ मार्च, शनिवार

लिहायचं ठरवलं. पुंजारामचं पटलं म्हणून नाही, मुदत जवळ आली म्हणून. गाडी नऊ वर्षं जशी चालली तशीच सांगायची असेल तर फाट्यावरचा थांबा तिच्यात होता, हे नाकारता येत नाही. नोंद ही नोंद. सुरुचीने इंग्रजी केलं, मी मराठी प्रत जवळ ठेवली. लिहिताना एक वाक्य आपोआप वाढलं: हा थांबा जून १९९७ मध्ये वाहतूक नियंत्रकाच्या अहवालावरून बंद झाला. माझं नाव घालावं की नाही, यात एक पूर्ण दुपार गेली. घातलं.

२९ मार्च, शनिवार

आष्टीला गेलो. पुंजारामला मराठी प्रत वाचून दाखवली. सगुणाबाई दारात उभी राहून ऐकत होती. माझं नावही वाचलं. वाचून झाल्यावर तिने 'बसा' म्हटलं. मी बसलेलोच होतो, तरी बरं वाटलं.

पुंजारामने आतून फोटो आणला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. निरोपाच्या सकाळचा आहे म्हणाला. बदलीवर निघायच्या दिवशी सावरगावच्या लोकांनी गाडीला तोरण बांधलं, त्याला फेटा बांधला, आणि आष्टीहून फोटोवाला बोलावला होता. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी म्हणालो, पुंजाराम, चार वर्षं तुम्हाला घर सोडून राहावं लागलं, ते माझ्यामुळे. मला त्याचं वाईट वाटतं. एवढं बोलायला मला अठ्ठावीस वर्षं आणि एक चेक माणूस लागला.

तो म्हणाला, "लई राग व्हता. पैल्या वर्षी तं रोज शिव्या देत व्हतो. पर पोरं उपाशी न्हाई राह्यली, मंग राग धरून काय करता?" मग फोटोवर बोट ठेवून म्हणाला, "गाडीत बसून बघू नका. घरी जाऊन बघा."

उद्या पाडवा आहे. परवा पाठवून टाकीन.

३१ मार्च, सोमवार

सकाळी फोटो संगणकावर घेतला. गाडी उत्तम आली आहे. क्रमांक वाचता येतो, मार्गाची पाटीही. पण माणसं आहेत. ती कापून काढायची म्हणून चित्र मोठं केलं.

मधोमध फेटा बांधलेला पुंजाराम. त्याच्या बाजूला पाच बायका. उजव्या टोकाला, मागच्या चाकाजवळ, आणखी एक बाई उभी आहे. बाकीच्यांसारखं नऊवारी लुगडं नाही, गोल साडी. ती गावातली वाटत नाही. आणखी मोठं केलं. ती शरयू आहे.

१९९७ ची दैनंदिनी पुन्हा काढली. फोटोमागे लिहिलेल्या तारखेला नोंद आहे: शरयू कालपासून अंबडला, मत्स्योदरीच्या दर्शनाला. जेवण झाकून ठेवले होते.

ती ओट्यापाशी डाळ शिजायला लावत होती. मी फोटोची छापील प्रत तिच्यासमोर धरली. तिने हात पुसले, बघितलं, आणि ही मीनाची आई, असं एका बाईवर बोट ठेवून सांगितलं. मग बाकीचं सांगितलं, सहज, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं. बदलीचा हुकूम आला त्याच्या दुसऱ्या दिवशी पुंजाराम क्वार्टरच्या मागच्या दाराशी आला होता. स्वतःबद्दल एक शब्द बोलला नाही. पोरांचे डबे आता येणार नाहीत, एवढंच म्हणाला. म्हणून ती निरोपाच्या आदल्या संध्याकाळी सावरगावला गेली, पाच घरी सांगायला, की पोरं दुपारी माझ्याकडे जेवतील, तुम्ही घोर करू नका. दोन वर्षं पाचही पोरं रोज एक वाजता यायची. मी कामावर असायचो. रात्रीसाठी ती त्यांना पोळ्या बांधून द्यायची. त्यांच्या आया जमेल तेव्हा जोंधळे, डाळ पाठवत. मीना अजून आणते.

माझ्या घरात दोन वर्षं पाच पोरं जेवत होती, आणि घरातलं पीठ मी स्वतः वाहून आणत होतो.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

तिने कुकरचं झाकण लावलं.

"तुम्ही त्याचाही अहवाल दिला असता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

 त्या वेळचा मी मला चांगला माहीत आहे. क्वार्टरमध्ये बाहेरच्या व्यक्तींना नियमित भोजन, असं शीर्षकही मी दिलं असतं.  ती म्हणाली, बाजूला व्हा, फोडणी उडेल.

ओंद्रेयचा दुपारी निरोप आला. सूचना उत्तम आहे, फक्त फोटो राहिला. फोटोत माणसं असतील तर कापा, नाही तर नियमाप्रमाणे बाद करावी लागेल, आणि बाद झालेली सूचना पुन्हा घेता येत नाही.

पाच वाजता मी फोटो आहे तसाच पाठवला. खाली सगळ्यांची नावं लिहिली. पाच बायकांची नावं शरयूने सांगितली, सहावं मला माहीत होतं.